ठेवीची डाय

अदींनी मला सांभाळलं. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा गोंधळ होणार आणि त्या गोंधळात त्या बाजूला राहतील. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. गल्लीत त्यांना सगळे अदीच म्हणायचे. सिंधीत अदी म्हणजे बहीण. पन्नाशीच्या, विधवा, पायात रबरी चपला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात त्यांचा पत्र्याचा गाळा होता, त्यात तीन हातप्रेस. दुसरे आभार मिस्त्रींचे, म्हणजे ज्यांच्याशी माझं वाजलं त्यांचेच. त्यांचे का मानायचे ते मला अजून धड सांगता येत नाही, पण मानते.

मी जालन्याच्या पलीकडची. सातवीची परीक्षा दिली आणि निकाल बघायला शाळेत गेलेच नाही, तोवर कापूस वेचायला लागले होते. लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा यांची कंपनी जोरात होती. कँटीन होतं, दिवाळीला मिठाईचा पुडा यायचा. मग एका सकाळी गेटला कुलूप. युनियनने केस टाकली. तेव्हापासून आमच्या घरात तारीख म्हटलं की कोर्टाचीच. हे तारखेला जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. आम्ही बदलापुरात मांजर्लीला राहायला गेलो. मोठ्या पावसात नदीचं पाणी आत येतं म्हणून तिथे भाडं कमी. आणि मी कामाला लागले अदींच्या गाळ्यात.

काम होतं बकलांचं. शाळेच्या दप्तराला पट्टा असतो, त्याचं पत्र्याचं बकल. बघायला एवढंसं, पण त्याचे तीन तुकडे: चौकट, काटा आणि मागची पट्टी. प्रत्येक तुकडा कापायला वेगळी डाय. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. प्रेसमध्ये बसवायचा, दांडा फिरवला की पत्र्यातून नेमका तेवढाच आकार कापून पडतो. डाय बनवायला महिने लागायचे आणि बनवणारे हात कमी. त्यामुळे आमच्या गल्लीत तिन्ही डाया एकाच गाळ्यात कुणाकडेच नव्हत्या. कुणाकडे चौकट, कुणाकडे काटा. आणि गिऱ्हाईक सगळ्यांचं एकच, दप्तरवाले. म्हणजे सकाळी ज्याचं गिऱ्हाईक फोडायचं, दुपारी त्याच्याकडेच डाय मागायला जायचं. मला हे पहिल्यापासून कळत नव्हतं. आमच्या गावात ज्यांचं भांडण त्यांचं पाणी बंद. इथे लोक एकमेकांना शिव्या देत एकमेकांची डाय खांद्यावर घेऊन जायचे.

तीन वर्षं मी अदींकडे दांडा फिरवला. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "छोकरी, शेजारचा अर्धा गाळा रिकामा होतोय. घे."

"मी? माझ्याकडे काय आहे?"

"हात आहेत ना? की ते पण तारखेला गेलेत?"

जुना एक प्रेस मिळाला. डाय नव्हती. अदी म्हणाल्या, मिस्त्रीकडे चौकटीची आहे, माग. मिस्त्री म्हणजे समोरच्या गाळ्यातले, मूळचे कोकणातले, अंबरनाथच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेले. चष्मा कपाळावर, हातात सदा काहीतरी मोजायचं. माणूस कडक. मी रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे गेले ती स्टॅम्पपेपर घेऊनच. कल्याणला जाऊन, टायपिंगवाल्यापुढे रांग लावून आणला होता. कोणाची डाय, कोणी नेली, कधी परत करणार, खाली माझी सही. सही मी घोटून घोटून केली होती.

मिस्त्रींनी तो वाचला. पाठ उलटून बघितली. मग विचारलं, "वहिनी, आपलं काही भांडण आहे का?"

"नाही हो."

"मग हे कशाला? हे घेऊन मी जाऊ कुठे?"

कागद त्यांनी घडी करून माझ्या हातात दिला आणि डाय काही दिली नाही. मला वाटलं, माझ्या टायपिंगमध्ये चूक असणार.

संध्याकाळी अदींनी मला त्यांच्या गाळ्यातलं वरचं फळकूट दाखवलं. तीन वर्षं मी ते बघत होते आणि मला ते भंगार वाटायचं. ग्रीसच्या फडक्यात गुंडाळलेले पाचसहा ठोकळे होते. त्या सगळ्या दुसऱ्यांच्या डाया. पद्धत अशी होती: तुझी डाय मी नेली की माझी एक तुझ्याकडे ठेवायची. तिला ठेव म्हणायचे. माझी डाय तुझ्याकडे आहे तोवर मी तुझी बुडवणार नाही, आणि तू माझी. ठेवीच्या डायला हात लावायचा नाही, प्रेसवर चढवायची नाही, फक्त सांभाळायची. कागद नाही, सही नाही.

"पण माझ्याकडे तर एकही डाय नाही," मी म्हटलं.

"मग माझी ठेव." त्यांनी आपली एक डाय उचलली, फडक्यात गुंडाळली आणि समोर जाऊन मिस्त्रींच्या फळकुटावर ठेवून आल्या. "हिच्या नावाने," एवढंच म्हणाल्या. मिस्त्रींनी लगेच चौकटीची डाय काढून दिली. जे माझ्या स्टॅम्पपेपरने झालं नव्हतं ते त्या चिंधीने झालं. मी आभार मानायला लागले तर अदी म्हणाल्या, "रडू नको, पत्र्याला गंज चढेल."

दोनेक वर्षांत माझी स्वतःची डाय झाली, काट्याची. ती मिस्त्रींनीच बनवून दिली. आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. माझा प्रेस वाकडा बसला होता, ठोका तिरका पडायचा. एका रविवारी मिस्त्री बदलापूरच्या घरून मुद्दाम आले, दिवसभर खाली वाकून तो सरळ केला आणि चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "घरी सांगून आलोय की भाजी आणायला जातो. आता भाजी तरी नेली पाहिजे." मला काय करू आणि काय नको असं झालं. माझा स्वभावच तसा आहे. कुणी काही केलं की ते फेडेपर्यंत मला झोप लागत नाही, आणि फेडताना काहीतरी चुकेल म्हणूनही लागत नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये त्यांना काट्याची डाय लागली. माझी नेली, त्यांची चौकटीची माझ्या फळकुटावर ठेव म्हणून आली. मे महिना लागला. मी एक दिवस धूळ झटकायला फडकं उलगडलं तर डायची कड बोथट दिसली. आणि माझ्या डोक्यात आलं ते असं. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. पीठ आणलेली वाटी जाताना निदान गुळाचा खडा घेऊन जाते. मला वाटलं, मिस्त्रींची डाय मी अशीच बोथट परत करू? मी ती पिशवीत घातली, ग्राइंडिंगवाल्याकडे नेली आणि तिला धार लावून आणली. पोलाद कसं चमकायला लागलं! नवं फडकं आणलं, त्यात गुंडाळली. त्या दिवशी मी इतकी खूश होते की यांना जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "बरं केलंस." यांनाही काही कळलं नाही.

मेच्या मध्यावर मिस्त्री माझी डाय परत द्यायला आले. मी त्यांची पुढे केली. त्यांनी फडकं उलगडलं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि डाय उजेडाकडे धरली.

"निळं कुठे गेलं?"

"कसलं निळं?"

ठेवीला देताना डायच्या तोंडावर निळ्या रंगाचा हात मारतात. एक जरी ठोका मारला तरी तो रंग कडेने उडतो. परत घेताना रंग जागेवर असला की समजायचं, डाय वापरली नाही. हेच आमच्या गल्लीचं रजिस्टर, आणि हेच कोर्ट. मी पाच वर्षं त्या गल्लीत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाटत होतं की ते सगळ्यांना माहीत असतंच. मी कडेला पुसट निळं बघितलं होतं. मला तो डाग वाटला होता.

"मी धार लावून आणली," मी म्हटलं. "तुम्ही माझा प्रेस सरळ केला होता ना, म्हणून."

"धार कधी लावतात वहिनी?"

"बोथट झाल्यावर."

"आणि बोथट कधी होते?"

"चालवल्यावर." हे उत्तर माझ्याच तोंडून निघालं.

"ती आधीच बोथट होती मिस्त्री, शपथ," मी लगेच म्हटलं.

"असेल," ते म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "नसेलही. आता कळायचं कसं?" डाय काखेत घालून ते गेले.

दप्तरवाल्याला मी शाळा उघडायच्या आत बकलं द्यायचं कबूल केलं होतं. काटे तयार होते, पट्ट्या तयार होत्या, चौकटी अर्ध्याच, मार्चच्या आधी मिस्त्रींची डाय वापरायला आणून कापलेल्या. चौकटीची डाय नसली तर माल नाही, माल नसला तर पुढच्या वर्षी तो माझ्या दारात येणार नाही, आणि मग अर्धा गाळा सोडायचा. मुलगा तिसरीत होता. यांची तारीख जुलैमधली. गावी परत जायचं तर तिथे काय होतं? मी गल्लीत दुसरीकडे चौकट मागून बघितली. एकाने सांगितलं, काम चालू आहे. दुसऱ्याने सांगितलं, बघतो. बघतो म्हणजे नाही, हे एव्हाना मला कळत होतं. कुणी मला चोर म्हटलं नाही. कुणी म्हटलंच नाही, तर मी चोर नाही असं तरी कुणाला सांगणार?

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, इथल्या लोकांकडे कागद नाही म्हणून घोटाळा झाला. कागद असता तर मिटलं असतं. सातवी झालेल्या माणसाला कागदाचं फार वाटतं. मी पोलीस चौकीत गेले.

हवालदार पंख्याखाली बसून पेपर वाचत होते. त्यांनी बसा म्हटलं, हेच मला केवढं वाटलं. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमची डाय चोरीला गेली?"

"नाही साहेब. माझी परत मिळाली."

"मग त्याची हरवली?"

"नाही, त्यांचीही त्यांना मिळाली."

"मारहाण? शिवीगाळ?"

"छे छे, वहिनी म्हणतात मला."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "मग तक्रार काय आहे बाई?"

"तक्रार नाही. मी ती डाय वापरली नाही, असा एक दाखला द्या."

शेजारच्या टेबलावरचे दुसरे हवालदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. पहिले मात्र हसले नाहीत. म्हणाले, "न केलेल्या गोष्टीचा दाखला आमच्याकडे नसतो. केलेल्याचाच मिळताना मारामार. घरी जा." बाहेर पडताना मला एका वकिलांनी गाठलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दावा टाकू या म्हणाले. मी विचारलं, किती दिवस लागतील? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मुलं किती मोठी आहेत?"

मी गल्लीत पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाई पोलिसांत गेली. कशाला गेली हे कुणाला नको होतं. भंगारातून घेतलेल्या वॉशरच्या माझ्या दोन डाया दोघांनी नेल्या होत्या, म्हणून माझ्या फळकुटावर आणखी दोघांच्या ठेवी होत्या. ते दोघे संध्याकाळी एकामागोमाग एक आले, माझ्या डाया परत ठेवल्या, आपल्या उचलल्या. निळं बघितलं. जागेवर होतं. तरी नेल्या. एकजण जाताना म्हणाला, "ताई, राग मानू नका. उद्या हवालदार इथे आला तर तो एकट्या तुमच्या गाळ्यात थोडाच जाणार? लाइटचं मीटर कुणाचं कुणाच्या नावावर आहे, तुम्हाला माहीत आहे." तेही खरंच होतं. माझा दिवा अदींच्या मीटरवर जळत होता.

फळकूट रिकामं झालं. मी त्याच्याखाली बसून राहिले.

अदी आल्या. कमरेवर हात. "चौकीत? तू? माझ्याकडे यायला पाय दुखत होते?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"हां, आता बघ कसा त्रास नाही झाला! अख्खी गल्ली आरामात आहे!" मग थोड्या वेळाने, हळू, "तिकडे लिहून घेतलं काही?"

"नाही."

"शुक्र है."

त्या आपल्या गाळ्यात गेल्या. प्रेसचा दांडा थांबल्याचा आवाज आला. आवाज थांबल्याचाही आवाज येतो, गल्लीत राहिलेल्यांना माहीत आहे. त्यांच्याकडे पट्टीची डाय होती, गल्लीत तशी दुसरी नव्हती. सीझनमध्ये त्यांचा सगळा धंदा तिच्यावर. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, चालत्या कामातून, त्यांनी ती प्रेसवरून उतरवली. पुसली, ग्रीस लावलं, निळ्याचा हात मारला आणि पदरात धरून समोर निघाल्या. मी मागून गेले.

मिस्त्री मोजपट्टी घेऊन काहीतरी बघत होते.

"मिस्त्री, फळकुटावर जागा कर."

"अदी, ही तुमची चालू डाय आहे."

"दिसते मला. डोळे गेले नाहीत अजून. ही ठेव. हिच्या नावाने. सीझन संपेपर्यंत."

"एवढं नको. मी काय तिला..."

"तू काही म्हणाला नाहीस, तेच तर. म्हणाला असतास तर मीच भांडले असते. हिला चौकट दे. तुझ्या डायला काही झालंय असं कधीही वाटलं, आज, उद्या, दिवाळीला, तर ही तुझी. मी विचारायला येणार नाही."

मिस्त्रींनी मोजपट्टी खाली ठेवली. मला वाटलं आता ते मला काहीतरी विचारतील, आणि मी तयारी केली होती, आईची शपथ, मुलाची शपथ, सगळ्या. त्यांनी काहीच विचारलं नाही. अदींची डाय वर ठेवली. खालून आपली चौकटीची काढली, तीच, मी धार लावलेली. माझ्या हातात देताना म्हणाले, "धार बरी लावलीय त्याने. कुठला ग्राइंडिंगवाला?" ही थट्टा होती की चौकशी, मला आजही कळलेलं नाही.

माझा माल वेळेत गेला. अदींचे दोन प्रेस पंधरा दिवस नुसते उभे होते. मी दिवसाला दहा वेळा त्यांच्याकडे बघायचे, आणि त्या दारात बसून तांदूळ निवडायच्या, जणू सुट्टी लागली आहे. मी त्यांना माझ्यातलं काम देऊ केलं तर म्हणाल्या, "तू तुझं बघ, बकलं वाकडी येतील." शाळा उघडल्यावर मिस्त्री स्वतः डाय घेऊन आले. अदींनी निळं बघितलं. मिस्त्रींनी, त्यांच्यासमोर, माझ्याकडची चौकट परत घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. पुढच्या महिन्यात माझ्या फळकुटावर पुन्हा एक ठेव आली, मग दुसरी. माझी जागा मला परत मिळाली, पण कुठल्या दिवशी मिळाली ते सांगता येणार नाही.

मला मात्र चैन नव्हतं. एका दुपारी विचारलंच. "अदी, तुम्हाला पटलं होतं ना, मी ती डाय वापरली नव्हती?"

"मला काय माहीत? मी होते का तिथे?"

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती.

"म्हणजे तुम्ही... माहीत नसताना?"

"माहीत कुणाला असतं छोकरी? मिस्त्रीला नाही, मला नाही, तुझ्या हवालदाराला नाही."

"मग का ठेवलीत?"

"तू गेलीस तर मला काटा कोण देणार? तो कोपऱ्यावरचा? त्याचा काटा तोंडात धरला तरी वाकतो." आणि हसल्या. मग हसू थांबलं. "आम्ही सिंधमधून इकडे आलो ना, बाबांच्या खिशात घराचा कागद होता. पक्का, सरकारी. घर तिकडेच राहिलं. बाबा तो कागद म्हातारपणापर्यंत उघडून बघायचे."

इतकी वर्षं झाली, मी ते उलटंपालटं करून बघते. काट्यासाठी ठेवली म्हणावं तर एका काट्यासाठी ऐन सीझन कुणी घालवत नाही. माझ्यासाठी ठेवली म्हणावं तर त्यांनी माझ्यावर विश्वासही ठेवला नव्हता. विश्वास नसताना एवढं करता येतं? आणि मिस्त्री, त्यांचा तरी विश्वास बसला होता का, की नुसती अदींची डाय बघून त्यांनी हात पुढे केला? यांना विचारलं तर हे म्हणतात, तुझं काम झालं ना, सोड. यांची केस अजून चालूच होती, त्यामुळे यांना सोडून द्यायची सवय झाली होती.

पुढे प्लास्टिकची बकलं आली आणि चारपाच वर्षांत आमच्या गल्लीतले दांडे थांबले. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात बटणं लावायच्या प्रेसवर गेले, मग स्वतःचे दोन प्रेस घेतले. मिस्त्री वांगणीला जमिनीचा तुकडा घेऊन राहिले. अदींनी गाळा विकला आणि त्या इंदूरला लेकीकडे गेल्या. जाताना मी स्टेशनवर गेले होते. मला वाटलं होतं काय काय बोलेन. डबा हातात दिला आणि पाणी भरून घ्या म्हटलं.

परवा त्यांच्या लेकीचं पत्र आलं. अदींचे गुडघे धरले आहेत, दिवसभर एकट्या असतात, जावई-लेक दोघं नोकरीला. पत्रात माझ्यासाठी एकच ओळ अदींनी सांगून लिहून घेतली आहे: छोकरीचे प्रेस चालू आहेत का?

चालू आहेत अदी. आणि ते मी थांबवणार आहे. कधी ते आज सांगता येत नाही, मुलाच्या नोकरीचं ठरू दे, पण थांबवणार आहे, आणि तेही रिकाम्या दिवसांत नाही, ऐन सीझनमध्ये, गिऱ्हाईक दारात उभं असताना. मार्च ते जून तुमच्यापाशी येऊन राहीन. तुमचे गुडघे शेकीन, तांदूळ निवडीन. तुमचा एक सीझन माझ्याकडे राहिला आहे, तो मी घेऊन येणार आहे.